पोथ्यांच्या वाटेने: ताश्कंद ते खिवा

सोमवार, ताश्कंद

ताश्कंदच्या मेट्रोत 'अलीशेर नवाई' नावाचं स्टेशन आहे. १९८४ सालचं. छताला नक्षीदार घुमट आणि भिंतींवर नवाईच्या काव्यातले प्रसंग. सकाळच्या गर्दीत माणसं त्या चित्रांसमोरून भराभर जात होती. आम्ही दोघंच मान वर करून उभे होतो. फलाटावरच्या आजीबाईंनी आम्हाला चित्रं ओळखून दाखवली. हा फरहाद, ही शीरीन, हा मजनू. त्यांना प्रत्येक कथा माहीत होती.

कवी नवाई १४४१ साली हेरातला जन्मला आणि १५०१ साली तिथेच वारला. हेरात आज अफगाणिस्तानात आहे. त्या काळी दरबाराची आणि विद्येची भाषा फारसी. नवाई फारसीतही लिहायचा, 'फानी' या नावाने. पण त्याने आपलं मोठं काम तुर्कीत, आज जिला चगताई म्हणतात त्या भाषेत केलं. १४८३ ते १४८५ या काळात पाच दीर्घकाव्यांचा 'खम्सा' लिहिला, चार दिवाण, म्हणजे गझलसंग्रह, रचले आणि आयुष्याच्या अखेरीस, १४९९ साली, तुर्की ही फारसीपेक्षा कमी नाही हे सोदाहरण मांडणारा ग्रंथच लिहिला. त्याच्या भाषेच्या मागे ना मदरशांची परंपरा होती, ना छापखाना. तरीही शंभर वर्षांच्या आत इस्तंबूलपासून काशगरपर्यंत त्याचे वाचक होते. हे झालं ते हातांनी उतरलेल्या प्रतींमुळे. या प्रवासात आम्हाला त्या प्रतींचाच माग काढायचा होता.

दादाचं आयुष्य मोडी कागद वाचण्यात गेलं. लिहिणाऱ्याचा हात दमला कुठे, बोरू बदलला कुठे, हे तो ओळींवरून सांगतो. मला उर्दूमुळे लिपी वाचता येते, भाषा मात्र तुटक कळते. दोघं मिळून काहीतरी हाती लागेल एवढ्या भांडवलावर आम्ही निघालो.

दुपारी नवाईच्या नावाचं साहित्य संग्रहालय पाहिलं. पहिल्याच दालनात मनासारखी गोष्ट कळली. नवाईचा सर्वांत जुना ज्ञात दिवाण १४६५-६६ सालचा. तेव्हा तो जेमतेम पंचविशीचा. तो दिवाण त्याने स्वतः रचून लावलेला नाही. त्याच्या चाहत्यांनी गझला गोळा केल्या आणि हेरातचा सुलेखनकार सुलतान अली मशहदी याने त्या उतरून काढल्या. ती प्रत आता सेंट पीटर्सबर्गला आहे. लोकांनी आपल्या गझला आधीच गोळा करून पसरवल्या, असं पुढे नवाईनेच आपल्या दिवाणाच्या प्रस्तावनेत नोंदवलं आहे. म्हणजे कवीच्या आधी वाचकांनी पुस्तक केलं.

मंगळवार, ताश्कंद

आजचा दिवस प्राच्यविद्या संस्थेसाठी राखून ठेवला होता. अबू रेहान बिरूनीच्या नावाची ही संस्था १९४३ साली उभी राहिली. इथल्या हस्तलिखितांचे खंड पंचवीस हजारांहून जास्त, आणि १९९७ पासून हा संग्रह युनेस्कोच्या 'जगाची स्मृती' यादीत आहे. 'खम्सा' पुरा होत होता त्याच काळात अब्दुलजमील या कातिबाने, म्हणजे पोथ्या उतरणाऱ्या लेखनिकाने, उतरलेली प्रत इथेच आहे. कवी हयात होता, त्याच शहरात, हेरातेत, राहत होता, आणि कातिब त्याची शाई वाळायच्या आत उतरवून घेत होता. नवाईच्या ग्रंथांचे चिकित्सक पाठ तयार करणाऱ्या पोरसो शम्सीयेव यांच्यासारख्या अभ्यासकांना अशा प्रतींचा केवढा आधार वाटला असेल!

ती प्रत हाताळायला मिळणं शक्य नव्हतं, तशी अपेक्षाही नव्हती. पण मांडून ठेवलेल्यांपैकी नंतरच्या काळातल्या एका साध्या दिवाणाने आम्हाला तासभर खिळवून ठेवलं. सोन्याचं पाणी नाही, चित्रं नाहीत. दोन स्तंभांत गझला, भोवती लाल रेघेची चौकट. दादा काचेवर जवळजवळ टेकलाच.

"अगं, हा कोपरा बघ," तो म्हणाला.

पानाचा डावा खालचा कोपरा काळपट, तेलकट, मऊ पडलेला होता. उजवीकडून डावीकडे वाचणारा माणूस पान उलटतो तो तिथेच बोट लावून. समोरच्या, उजव्या हाताच्या पानावर खाली डावीकडे, चौकटीबाहेर तिरकस लिहिलेला एक सुटा शब्द: पुढच्या पानाचा पहिला शब्द. पानांवर आकडे नसायचे. शिवण उसवून पानं विस्कटली तर याच शब्दांच्या आधाराने पोथी पुन्हा लावायची. या प्रतीत दोन ठिकाणी मूळ पान हरवलं होतं आणि तिथे नव्या, पांढुरक्या कागदावर दुसऱ्या कुणीतरी तेवढाच मजकूर लिहून जोडला होता. अक्षर ओबडधोबड, पण चौकट मूळच्या मापाला मापून आखलेली. पोथी आणखी शंभर माणसांनी वाचावी असं वाटल्याशिवाय कुणी एवढी मेहनत घेत नाही.

संग्रहालयांच्या कॅटलॉगांत राजांच्या प्रती पुढे असतात, हे साहजिक आहे. १४८५ साली सुलतान हुसेन बैकराचा मुलगा बदीउझ्झमान याच्यासाठी केलेला सचित्र 'खम्सा' आज विभागून ऑक्सफर्ड आणि मँचेस्टरला आहे. सुलतान अलीने १४९२ साली उतरलेला दुसरा एक 'खम्सा' मुघलांच्या ग्रंथालयात होता, तो आता विंडसरच्या राजसंग्रहात आहे. त्या प्रती अप्रतिमच आहेत. पण नवाई पसरला तो या काळवंडलेल्या कोपऱ्याच्या पोथ्यांमुळे, असं मला तिथे उभं राहून पक्कं वाटलं.

संध्याकाळी चहा पिताना आमच्या दुभाषी मुलीने तिच्या आजोळची गोष्ट सांगितली. उझबेक भाषेची लिपी १९२९ साली अरबीवरून लॅटिन झाली, १९४० साली सिरिलिक, आणि स्वातंत्र्यानंतर १९९३ पासून पुन्हा लॅटिन. तिसाच्या दशकात घरात अरबी लिपीतलं पुस्तक सापडणं धोक्याचं झालं. धर्मग्रंथ कोणता आणि प्रेमकाव्य कोणतं, हे झडतीला येणारा माणूस कशाला बघतोय! लोकांनी पोथ्या भिंतींत चिणल्या, अंगणात पुरल्या. तिच्या पणजोबांच्या नवाईच्या वहीला कुटुंबातल्या कुणीही तेव्हापासून वाचलेलं नाही, कारण वाचता येणारी पिढीच गेली. पण ती वही आहे, आणि कापडात बांधून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलेली आहे.

याच सोव्हिएत राजवटीने नवाईच्या नावाने नाट्यगृह बांधलं, ग्रंथालयाला त्याचं नाव दिलं. आणि १९४१ च्या डिसेंबरात, लेनिनग्राडला वेढा पडलेला, माणसं भुकेने मरत असताना, हर्मिटाज संग्रहालयात अभ्यासकांनी नवाईची पाचशेवी जयंती साजरी केली. निकोलाय लेबेदेव हे तरुण भाषांतरकार उभं राहायचं त्राण नसताना तिथे आपली भाषांतरं वाचून गेले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत वारले. हे ऐकल्यावर त्या दिवशी आम्हाला दुसरं काही बघावंसं वाटलं नाही.

बुधवार, समरकंद

सकाळच्या 'अफ्रासियाब' गाडीने समरकंदला. दोन-सव्वादोन तासांचा प्रवास. सामान टाकून थेट कोनीगीलला गेलो.

कोनीगील हे शहराबाहेरचं गाव. सियोब नदीच्या काठी, झाडांच्या गर्द सावलीत कागदाचा कारखाना आहे. समरकंदचा कागद आठव्या शतकापासून प्रसिद्ध. पुढे ती विद्या लोपली आणि अलीकडे इथल्या कारागिरांनी ती पुन्हा उभी केली. बाबराने आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे की जगातला उत्तम कागद समरकंदहून येतो, आणि कागदाच्या चक्क्यांना पाणी येतं ते याच कोनीगीलहून.

तुतीच्या फांद्या भिजत घालतात. साल सोलतात, वरचा काळा पापुद्रा सुरीने खरवडून टाकतात. आतली पिवळसर साल मोठ्या कढईत काही तास उकळते. मग ती जाते लाकडी मुसळांखाली. पाण्याच्या चाकाला लांब आडवा दांडा, दांड्याला खुंट्या. दांडा फिरला की खुंटी मुसळाचं शेपूट दाबते, मुसळ उचललं जातं आणि धपकन उखळात पडतं. हा आवाज सगळ्या आवारात भरून राहिलेला असतो. लगदा हौदातल्या पाण्यात सोडायचा, चाळणीने उचलायचा, पाणी निथळलं की ओला ताव कापडावर उलटायचा. थरांवर थर, वर जड दगड. दुसऱ्या दिवशी फळ्यांवर चिकटवून वाळवायचा.

आणि शेवटी घोटणं. एक बाई संगमरवराच्या लादीवर ताव ठेवून अकीकाच्या दगडाने तो घोटत बसल्या होत्या. दादाने विचारून तो दगड हातात घेतला. पाच मिनिटांत त्याचं मनगट भरून आलं. घोटलेल्या आणि न घोटलेल्या भागावरून त्यांनी माझं बोट फिरवलं. एकीकडे खरबरीत साल, दुसरीकडे काचेसारखा गुळगुळीतपणा. नस्तालिक लिपीत बोरूला एका दमात लांब वळणं घ्यायची असतात, रेषा जाड करत न्यायची आणि टोकाला केसाएवढी बारीक सोडायची. कागदाचे धागे आडवे आले तर हे जमत नाही. शिवाय काजळाची शाई घोटलेल्या कागदावर वरच राहते, आत फुटत नाही. चूक झाली तर ओल्या बोटाने पुसता येते.

नवाईचा पहिला दिवाण उतरणारा सुलतान अली मशहदी म्हातारपणी सुलेखनावर एक पद्यग्रंथ लिहून गेला. त्यात त्याने समरकंदी कागदाची खास तारीफ केली आहे: शहाणा असशील तर हा कागद नाकारू नकोस, यावर अक्षर सारखं आणि देखणं उमटतं, अशा अर्थाची.

आम्ही दोघं औरंगाबादचे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचे. दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यात कापसाच्या चिंध्यांच्या लगद्यातून ताव उचलताना आम्ही लहानपणापासून पाहिलेलं. मराठी दप्तरांत ज्याला दौलताबादी कागद म्हणतात तो तिथला. चौदाव्या शतकात मुहम्मद तुघलकाबरोबर ते कागजी आले असं गावात सांगतात. दादाला कोनीगीलच्या हौदाशी उभं राहून एकेक हालचाल ओळखता येत होती. चाळणी पाण्यात तिरकी घालून आडवी उचलायची, मग एकदा पुढे आणि एकदा बाजूला हलवायची. इथे तुती, तिथे चिंधी, बाकी हात तोच.

गुरुवार, समरकंद

रेगिस्तान, गूर-ए-अमीर, शाह-ए-जिंदा. यांवर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलंय, मी भर घालत नाही. १४६० च्या दशकात तरुण नवाई या शहरात काही वर्षं शिकायला होता, फजलुल्ला अबुल्लैसी यांच्याकडे. हेरातेत त्याचा बालमित्र हुसेन बैकरा १४६९ साली गादीवर आला तेव्हा तो परतला. मग वजीर झाला, श्रीमंत झाला, आणि स्वतःचं ग्रंथालय उभारलं. इतिहासकार ख्वांदमीर त्या ग्रंथालयाचं काम बघत असे, चित्रकार बिहजादला त्याचा आश्रय होता. प्रतींच्या प्रसाराला याचाही मोठा हात लागला, हे मान्य करायलाच हवं.

शुक्रवार, समरकंद ते बुखारा

आज गाडी करून रस्त्याने निघालो, कारण वाटेत गिझदुवान लागतं. पर्यटक इथे मातीची भांडी आणि कबाबसाठी थांबतात. गावात उलूगबेगचा १४३३ सालचा छोटा मदरसा आहे आणि शेजारी ख्वाजा अब्दुलखालिक गिझदुवानी यांची समाधी.

आम्हाला थांबायचं होतं ते आमच्या गावासाठी. औरंगाबादच्या पाणचक्कीशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे ते बाबा शाह मुसाफिर या गिझदुवानचे. त्यांचे गुरू बाबा पलंगपोशही इथलेच. ते नक्शबंदी या सूफी पंथाचे फकीर मुघलांच्या दख्खनच्या स्वाऱ्यांत, पहिल्या निजामाचे वडील गाजीउद्दीन फिरोजजंग यांच्या फौजेबरोबर असत. त्या फौजेत तुराणी, म्हणजे मध्य आशियातल्या, शिपायांचा मोठा भरणा होता. निजामाचं घराणंही मूळ समरकंदकडचं.

म्हणजे सतराव्या शतकाच्या अखेरीस आमच्या औरंगाबादेत चगताई बोलणारी माणसं राहत होती. मुघल घराण्यात मात्र ती भाषा शिकवावी लागे अशी वेळ आली होती. मुहम्मद याकूब चिंगी याने औरंगजेबासाठी 'केलूरनामा' हा तुर्की-फारसी कोश रचला तो याच काळात.

कोशांची ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. नवाईच्या प्रती जिथे जिथे पोचल्या तिथे तिथे कोश जन्माला आले. सोळाव्या शतकात उस्मानी मुलखात 'अबुश्का' नावाचा कोश तयार झाला, कारण तिथल्या तुर्की वाचकांना नवाई हवा होता पण पूर्वेकडची भाषा अडत होती. अठराव्या शतकात इराणात नादिरशहाचा चिटणीस मिर्झा महदी खान याने 'संगलाख' हा प्रचंड कोश रचला, तोही नवाई वाचता यावा म्हणून. काही ठिकाणी तर कातिबांनी कोशाची वाटच पाहिली नाही. १४७१ साली पश्चिमेकडच्या आक कोयुनलू राज्यातल्या चाहत्यांसाठी उतरलेल्या दिवाणात नवाईची भाषा तिथल्या तुर्की बोलीकडे झुकवलेली आहे. विभक्तीचे प्रत्यय बदलले, क्रियापदांची रूपं बदलली. ती प्रत आज कैरोला आहे. पाठभेद शोधणाऱ्याला हे त्रासाचं, पण माझ्या दृष्टीने हा त्या कवीवरच्या प्रेमाचा ढळढळीत पुरावा आहे. आपल्या जिभेवर बसावा म्हणून लोकांनी त्याला आपल्या बोलीत ओढून घेतलं.

समाधीच्या आवारात एका वृद्ध गृहस्थांनी विचारलं, कुठून आलात? दुभाषीने औरंगाबाद आणि बाबा मुसाफिर यांची हकिकत सांगितली. त्यांनी दादाचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाले, "मग तुम्ही पाहुणे नाही, आमच्या गावचेच." घरी नेऊन चहा, नान आणि टरबूज खाऊ घातल्याशिवाय त्यांनी आम्हाला सोडलं नाही. बुखाऱ्याला पोचायला रात्र झाली.

शनिवार, बुखारा

हेरात १५०७ साली शैबानी उझबेकांच्या हाती पडलं, तीन वर्षांनी इराणच्या सफवींच्या. दरबार उधळला आणि माणसं फुटली: कुणी तब्रीझला, कुणी बुखाऱ्याला. पुढे १५२९ च्या सुमारास उबेदुल्ला खानाने मीर अली हेरवी या नामवंत सुलेखनकारालाच हेरातहून बुखाऱ्याला आणलं. बदीउझ्झमान राजपुत्र सफवींच्या आश्रयाला गेला होता, १५१४ साली उस्मानी सुलतान सलीमने तब्रीझ घेतल्यावर तो इस्तंबूलला नेला गेला आणि तिथेच वारला. शहरं पडली की पोथ्या लुटीत, नजराण्यात आणि निर्वासितांच्या गाठोड्यात फिरतात. हेरातची कला इतकी दूर गेली त्यात या उधळणीचा वाटा आहे, आणि त्यामागची माणसांची ससेहोलपट विसरून तिचं कौतुक करता येत नाही.

व्यापारी घुमटांखालच्या एका दुकानात सुलेखन शिकवणारे एक दोम्ला, म्हणजे गुरुजी, भेटले. त्यांनी पुठ्ठ्यावर ताणून बसवलेल्या दोऱ्यांची पाटी दाखवली. कोरा कागद त्यावर ठेवून बोटाने दाबला की दोऱ्यांचे उठाव उमटतात. शाईचा ठिपकाही न पडता ओळी आखल्या जातात. दादाला ती युक्ती इतकी आवडली की त्याने लगेच स्वतः करून बघितली.

"दोम्ला, गरीब विद्यार्थी कुठून आणायचा पुस्तक?" मी विचारलं.

"तो आणायचा नाही, करायचा," ते म्हणाले. जुन्या मक्तबांत मुलं अक्षरओळख आणि धर्मपाठ झाले की हाफिज, बेदिल, फुझुली आणि नवाई वाचत. एका पुस्तकावरून वही उतरवून घेतली जाई, त्या वहीवरून धाकट्याची. शब्द चुकत, गझला वगळल्या जात, आवडलेल्या दुसऱ्या कुणाच्या चार ओळी मध्येच येऊन बसत. शेवटी पुष्पिकेत, म्हणजे समारोपाच्या मजकुरात, नाव, साल आणि वाचणाऱ्याने माझ्यासाठी प्रार्थना करावी अशी विनंती.

बाबरही असाच उतरवून घेणारा वाचक. १५०० साली त्याने समरकंद घेतलं तेव्हा नवाईचं पत्र त्याला आलं होतं. त्यानेही आपला एक तुर्की शेर लिहून पाठवला, पण उत्तर यायच्या आत सगळी उलथापालथ झाली. १५०६ साली तो हेरातला गेला आणि नवाईच्याच वाड्यात उतरला, पण तेव्हा नवाई उरला नव्हता. तुर्कीत इतकं आणि इतकं चांगलं कुणीच लिहिलं नाही, असं तो म्हणतो. त्याच दमात नवाईच्या छंदशास्त्रावरच्या ग्रंथातल्या चुकाही मोजून दाखवतो. आणि १५१९ साली, काबूलचा राजा असताना, नवाईच्या चार दिवाणांतून निवडक गझला वृत्तवार लावून त्याने संग्रह पुरा केल्याची नोंद रोजनिशीत आहे. दिल्लीची गादी अजून सात वर्षं दूर होती.

रविवार

बुखारा ते खिवा, रेल्वेने. दिवसभर किझिलकुम वाळवंट आणि खुरटी झुडपं. दादा पुष्पिकांच्या टिपणांवर वाकलेला.

सोमवार, खिवा

खिव्याचा खान मुहम्मद रहीम दुसरा स्वतः 'फिरूझ' नावाने कविता करायचा आणि नवाईला आदर्श मानायचा. १८७३ साली रशियनांनी त्याचं राज्य मांडलिक केलं. पुढच्याच वर्षी, १८७४ साली, त्याने राजवाड्यात शिळाछापखाना सुरू केला, मध्य आशियातल्या अगदी पहिल्यांपैकी. त्यातून नवाईची पुस्तकं निघाली. त्याचा १८७६ सालचा मदरसा कुन्या आर्कसमोर आहे. दुपारचा बराच वेळ आम्ही तिथे काढला.

मला वाटत आलं होतं की छापखाना आला आणि कातिबाचं काम संपलं. खिव्यात तसं झालं नाही. शिळाछापात खिळे जुळवत नाहीत. कातिब तेलकट शाईने खास कागदावर नेहमीसारखाच मजकूर लिहितो, तो दगडावर उलटा उतरतो, आणि दगडावरून त्याच अक्षराच्या पाहिजे तेवढ्या प्रती निघतात. चौकट, तिरका मजकूर, कोपऱ्यातला पुढच्या पानाचा शब्द, सगळं तसंच. त्यामुळे वाचकाला छापील पुस्तक परकं वाटलं नाही, आणि खिव्याच्या दरबारी कातिबांना काम उरलं. या शहरात अक्षराला मानही तसाच होता. मूनिस या इथल्या कवीने १८०४ साली सुलेखनावर 'सवाद-ए-तालीम' हा पद्यग्रंथ लिहिला होता.

मदरशाच्या अंगणात दोन वादक तंबूर आणि दुतार घेऊन बसले होते. ख्वारेझमी मकाम, म्हणजे तिथलं शास्त्रीय गाणं, सुरू झालं. शब्द नवाईचे आहेत, असं शेजारी बसलेल्या बाईंनी सांगितलं आणि आम्हाला कळावं म्हणून एकेक ओळ आधी सावकाश म्हणून दाखवली. काशगरकडे उइगुरांच्या बारा मुकामांतही नवाईच्याच गझला गातात. ज्यांनी कधी पोथी उघडली नाही त्यांच्यापर्यंत तो गळ्यांतून पोचला.

दादाच्या डोक्यात आता रामपूर आहे. तिथल्या रझा ग्रंथालयात बाबराचा तुर्की दिवाण आहे, बाबराच्या स्वतःच्या हातच्या ओळी असलेला, आणि त्यावर शहाजहानने हे आपल्या पूर्वजाचं अक्षर असल्याची नोंद केलेली आहे. उर्गेंचच्या विमानतळावर त्याने ग्रंथपालांना लिहायच्या पत्राचा मसुदा माझ्यापुढे केला. बाबराच्या अक्षरावर हेरातच्या कातिबांचं वळण कितपत आहे ते बघायचं आहे, असं त्यात लिहिलं होतं. मी त्यात खाली माझंही नाव घातलं.